तिसऱ्या खेपेचा प्रश्न

त्या गावात बदली मी मागून घेतली होती. कचेरीतल्या कारकुनाला वाटलं माझंच डोकं फिरलं. क्वार्टर, नळ, वीज असलेली शहरातली नोकरी सोडून देवळीच्या पुढच्या त्या फुफाट्यातल्या आरोग्य केंद्रात आपणहून कोण जातं? "बाई, तिथं कायले जाता? तिथं त एसटीबी धड जात नाई," तो म्हणाला. मी म्हटलं, तिथली हवा मानवते मला. खरं कारण सांगितलं असतं तर त्यानं अर्ज तिथंच फाडला असता. त्या गावात माझा भाटवा राहत होता, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि मला त्याचा सूड घ्यायचा होता.

सूड हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. नर्सच्या तोंडी तो शोभत नाही म्हणतात. नसेल शोभत! तो शब्द पोटात ठेवून मी ड्यूट्या केल्या, परीक्षा दिल्या, मेट्रनच्या शिव्या खाल्ल्या. तो नसता तर आमच्या हिंगणीतच कुणाच्या तरी चुलीपुढं माझा जन्म गेला असता.

झालं होतं असं. आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यात माझी ताई बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सासू अडून बसली की कापूस वेचायच्या दिवसांत सून पाठवणार नाही. लेकरू नऊ दिवस जगलं. ते गेलं आणि ताईची झोप गेली. मग खाणं गेलं. मग ती भिंतीशी बोलू लागली, अंगावरचं लुगडं फेडू लागली, लेकरू धान्याच्या कणगीत रडून राह्यलं म्हणून कणगी फोडू लागली. आज मला त्या आजाराचं नाव झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बाळंतपणानंतर काही बायकांना तो होतो, आणि त्याला औषध आहे. तेव्हाही होतं. बसनं दीड तासावर, वर्ध्याला होतं.

भाटव्यानं काय केलं? तिला गोठ्यात बैलाच्या दाव्यानं बांधलं. एका बाबाला बोलावून कपाळावर आणि पोटऱ्यांवर बिब्ब्याचे डाग दिले. आणि मग एका सकाळी बैलांच्या रेंगीत घालून आमच्या दारात आणून उतरवली. माझा बाप जेवत होता, तो उष्ट्या हातानं बाहेर आला. भाटवा रेंगीतून खालीसुद्धा उतरला नाही. बैलांचा कासरा धरून वरूनच म्हणाला, "तुमची पागल पोट्टी आमच्या गळ्यात बांधली तुमी. आता घ्या, सांभाळा." बैल वळवले आणि निघून गेला. मी सतरा वर्षांची होते, दारात उभी होते. धावत जावं आणि त्याला तंगडी धरून खाली ओढावं असं वाटलं. ओढलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्याला मनातल्या मनात रोज ओढत होते.

ताई गेली. बोर धरणाच्या कालव्याला गव्हासाठी पाणी सोडलं होतं, त्यात गेली. तेरवीला भाटवा आला नाही. पुढच्या वैशाखात त्यानं बँड लावून दुसरं लग्न केलं.

मी नर्सिंगला गेले. शिकून झाल्यावर सगळ्या पोरी बाळंतपणाचा वॉर्ड मागत होत्या, मी वेड्यांचं इस्पितळ मागितलं. तिथं नोकरी केली, मग त्या कामाचं वर्षभराचं वेगळं शिक्षण घेतलं. तिथं मी ताईसारख्या बायका पाहिल्या. येताना दोघातिघांनी धरून आणलेल्या, नखांनी ओरबाडणाऱ्या, आणि काही आठवड्यांनी स्वतःची वेणी स्वतः घालून, लेकराला दूध पाजत घरी जाणाऱ्या. पहिली अशी बाई फाटकातून बाहेर पडली तेव्हा सगळे हसत होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी संडासात जाऊन रडले.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत नवीन बेत निघाला, की मनाच्या दुखण्यांचे उपचार गावच्या आरोग्य केंद्रातच करायचे, ताप-खोकल्याच्याच छपराखाली. त्यासाठी काही केंद्रांत आमच्यासारख्या नर्सा द्यायच्या होत्या. यादीत मी भाटव्याचं गाव पाहिलं आणि अर्ज टाकला.

केंद्राचे डॉक्टर तरुण होते. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "सिस्टर, तुमचं स्वागत आहे, पण इथं वेडे कुठं आहेत? एक तो अल्लीपूरचा येतो, बसस्टँडवर झोपतो, तेवढाच."

मी म्हटलं, "सर, बाकीचे तुमच्या बी-कॉम्प्लेक्सच्या लाइनीत आहेत."

खोटं नव्हतं ते. मंगळवारी गावचा बाजार, त्या दिवशी ओपीडीची लाइन पिंपळापर्यंत जायची. त्यातले निम्मे असे, की दर खेपेला तेच: पोटात आग पडते, डोकं भणभणते, हातापायाला मुंग्या येतात, झोप नाही. तपासावं तर काही सापडत नाही. डॉक्टर बी-कॉम्प्लेक्सची पिवळी सुई लिहून देत, ती टोचून घेऊन माणूस जाई आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येई.

त्या लाइनीत मी माझं काम मांडलं. वेगळं बाकडं नाही, वेगळा दिवस नाही, केसपेपरही सगळ्यांचा तोच. आमच्या कंपाउंडरला केसपेपरच्या डोक्यावर लाल शाईनं 'मेंटल' लिहायची फार हौस. मी त्याच्या हातातला पेन काढून घेतला आणि म्हटलं, परत लिहिलंस तर तुझ्या कपाळावर लिहीन. अल्लीपूरच्या त्या माणसाला महिन्यातून एकदा द्यायची सुई सुरू केली. लेकरांना ट्रिपलची लस टोचायच्या खोलीतच त्याला टोचायची, म्हणजे बाहेरच्यांना कळू नये कोणाला कशाची सुई. चौथ्या महिन्यात तो भावाच्या वावरात डवरणी करू लागला. ज्याची सुई चुके त्याच्या घरी मी सायकल हाणत जायची. फिट येणाऱ्या दोन पोरी गोळ्यांवर आणल्या, शाळेत परत घातल्या. महिन्यातून एकदा वर्ध्याचे मोठे डॉक्टर येत, माझे केसपेपर पाहत, औषध कमीजास्त करत. बाकीचे दिवस मीच.

आणि माझा एक नियम होता. तीच तक्रार घेऊन माणूस तिसऱ्या खेपेला आला, की सुई टोचायच्या आधी पडदा ओढायचा आणि विचारायचं, "मरून जावं असं मनात येते का?" आडून नाही, गोल फिरवून नाही, सरळ.

डॉक्टर चिडले. "सिस्टर, असं विचारलंत तर नसलेलं डोक्यात भरवाल."

"सर, तुम्ही लघवीला जळजळ होते का विचारता, त्यानं आजवर कुणाला जळजळ लागली का?"

ते हसले आणि नाद सोडला. पण गावात माझा प्रश्न गाजला. चहाच्या टपरीवर पोरं एकमेकांना चिडवत, "काय बे, तिसऱ्यांदा चहा पेऊन राह्यला, मरून जावं वाटते काय?" मी रस्त्यानं निघाले की म्हातारे म्हणत, "आली वो इचारनारी बाई." म्हणू देत. पडद्याआड तोच प्रश्न ऐकून मोठमोठे बाप्ये ढसाढसा रडायचे, आणि म्हणायचे, बाई, कोणी विचारलंच नव्हतं.

भाटव्याचं दुकान बाजाररस्त्यावर होतं. खत, बियाणं आणि फवाऱ्याचं औषध. आता तो शेटजी झाला होता, पोट सुटलं होतं. मी कोण आहे हे गावाला माहीत होतं आणि त्यालाही. मी रोज सकाळी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून त्याच्या दुकानासमोरूनच जायची. मागच्या गल्लीनं केंद्र जवळ पडे, तरी समोरूनच जायची. तो तराजूत मान घाली. दोन वर्षं माझा सूड म्हणजे तेवढाच होता, आणि खरं सांगते, त्या मान घालण्यावर माझा दिवस चांगला जायचा.

त्याची दुसरी बायको लेकरांना टोचायला आणायची. गरीब स्वभावाची बाई, माझ्यापुढं उभं राहायलाही तिला अवघडायचं. तिच्यावर माझा राग नव्हता. तिच्या लेकरांना मी इतरांसारखंच टोचलं.

मग दिवाळी झाली आणि एका मंगळवारी भाटवा स्वतः लाइनीत आला. पोटात आग पडते म्हणाला. डॉक्टरांनी पोटाचं पातळ औषध आणि पिवळी सुई लिहिली. मी सिरिंज भरली, टोचली, बोळा दाबायला दिला. "झालं, शेटजी," म्हटलं. भाऊजी म्हटलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या मंगळवारी पुन्हा आला. पोटात आग, आणि झोप नाही. सदऱ्याची गळपट्टी ढिली झाली होती. दाढी वाढली होती.

तिसऱ्या मंगळवारी त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या खालीवर लागल्या होत्या. मी पाहिलं, आणि मला सगळं समजलं. असली माणसं मी वॉर्डात शंभर पाहिली होती. नजर जमिनीवर, आवाज विहिरीतून आल्यासारखा, एका शब्दाला इतका वेळ की आपणच बोलून टाकावं. डॉक्टरांना ते पोट दिसत होतं. मला दिसत होतं की हा माणूस मरणाच्या वाटेला लागला आहे, आणि त्याच्या दुकानात एंड्रिनचे डबे छतापर्यंत रचलेले आहेत. त्या वर्षांत आमच्याकडं मरायचं असलं की लोक तेच पीत.

तिसरी खेप. पडदा ओढायची वेळ. माझा हात पडद्याकडं गेलाही होता. मी तो मागं घेतला, सुई टोचली आणि हाक मारली, "चला, पुढचा!"

त्या दिवशी घरी जाऊन मी भरली वांगी केली आणि रोजच्यापेक्षा एक भाकर जास्त खाल्ली.

काही करायचं नव्हतं मला, हीच तर गंमत होती. विष द्यायचं नव्हतं, शिवी द्यायची नव्हती. डॉक्टरांनी जे लिहिलं ते मी टोचत होते. कोणी मला बोट लावू शकत नव्हतं. फक्त एक प्रश्न विचारायचा नव्हता. जो मी सगळ्यांना विचारते, तो एकट्याला विचारायचा नव्हता, बस. दहा वर्षं मी डोकं खाजवत होते की सूड कसा घेऊ, आणि तो आपल्या पायानं चालत येऊन दंड पुढं करत होता.

चौथ्या मंगळवारी बायको बरोबर आली. तो बाहेर पायरीवर बसला आणि ती आत येऊन हळूच म्हणाली, "बाई, ते दुकानात बसतच नाई आता. चाबी लहान्या भावाले देऊन टाकली. पोराईले जवळ घेऊन नुसते पाह्यत राह्यते. मले म्हनते, तुह्या माहेरी कोन कोन हाय? मले भेव वाटते वो बाई."

भीती वाटायलाच पाहिजे होती. किल्ली देऊन टाकणं, लेकरांना डोळे भरून पाहणं, बायकोच्या माहेरची चौकशी, या तीन गोष्टी ऐकल्यावर मी दुसऱ्या कोणाच्याही घरी त्याच पावली धावले असते. तिला मी म्हटलं, "अशक्तपणा आहे. शक्तीची सुई चालू आहे ना." ती बिचारी मान हलवून गेली. त्या बाईशी मी खोटं बोलले. सुडाच्या नादात मी तिचं कुंकू पुसायला निघाले होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

तो आठवडा मी रोज सकाळी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल हळू करायची. रडण्याचा आवाज येतो का ऐकायची. नाही आला की थोडी हिरमुसायची. मला त्याचं मरण हवं होतं. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर त्या गावानं मला फार चांगली बाई म्हटलं, निरोपाला नारळ आणि लुगडं दिलं. कोणाला काही माहीत नव्हतं.

पाचव्या मंगळवारी तो आला. मी सिरिंज भरत होते. त्यानं आपल्या हातानं पडदा ओढला.

मी म्हटलं, "शेटजी, पडदा कायले?"

तो उभाच राहिला. मग म्हणाला, "लाहाने."

मला त्या नावानं ताई हाक मारायची. लग्नात ताईचं ऐकून तोही मारू लागला होता.

"तिसऱ्या बारीले इचारतं म्हने तू," तो म्हणाला. एकेक शब्द ओढून काढत होता. "साऱ्या गावाले इचारतं. न्हाव्याले इचारलं, त्याच्या मायले इचारलं. माही पाचवी बारी हाय. मी त्याच्यासाठीच येऊन राह्यलो. पोटात काई नाई मह्या. मलेच काऊन नाई इचारत?"

काय राग आला मला त्याचा! मार दिलेल्या माणसानं उलटून दरडावावं तसं वाटलं. आमच्या दारात रेंगीत बसून बोललेला तो, आणि आता माझ्या खोलीत उभा राहून आपला हक्क मागत होता. मी म्हटलं, "मला विचारावंसं वाटलं नाही."

"मालूम हाय मले," तो म्हणाला. "तरी इचार."

तो हललाच नाही. बाहेर लाइनीत कोणाचं तरी लेकरू किंचाळत होतं. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. दात ओठ खातच ठेवली. शिकलेलं असतं ना अंगात, ते मेलं सुटत नाही. माझं तोंड आपोआप उघडलं आणि मी विचारलं, "मरून जावं असं मनात येते का?"

"येते. सकाळी उठलो का येते."

"काही ठरवलं आहे का?"

"डबा काढून ठेवला. कडब्याच्या गंजीत हाय. सनिवारी भाऊ वर्ध्याले जानार हाय, घरी कोनी नाई राह्यत."

शनिवार म्हणजे चार दिवस. त्यानं तोंड उघडलं नसतं तर चार दिवसांनी माझं काम झालं असतं. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि डॉक्टरांना हाक मारली.

पुढचं सगळं मी बिनचूक केलं. मी स्वतः बाजाररस्त्यानं त्याच्याबरोबर त्याच्या घरी चालत गेले, सारा बाजार पाहत होता. गंजीत हात घालून डबा काढला, भावाकडून वावराच्या बांधाला खोल खड्डा खणवून त्यात ओतायला लावला. भावाला सांगितलं, दुकानाला कुलूप, किल्ली तुझ्या कमरेला, आणि शनिवारी तू कुठंही जायचं नाहीस. बायकोला खरं सांगितलं. ती माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी पाय मागं घेतले. त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांची फेरी होती, त्यांनी गोळ्या लिहिल्या. सात दिवसांपुरत्यापेक्षा जास्त गोळ्या त्या घरात ठेवायच्या नाहीत, त्या बायकोच्या लुगड्याच्या गाठीत राहतील आणि तिनं समोर उभं राहून द्यायच्या, हे माझे हुकूम.

दर आठवड्याला दोनदा मी त्याच्या घरी जाई. अंगणात बाजेवर बसे आणि समोर तो गोठा असे. ताईला बांधलं ती मेख तिथंच होती, तिला आता गाय बांधलेली. त्याची बायको दर वेळी तांब्या भरून आणी. त्या घरचं पाणी मी एकदाही प्यायले नाही. झोप किती, जेवण किती, सकाळी मन कसं, मरणाचा विचार येतो का, सगळं विचारून केसपेपरवर लिहिलं. त्याच्या सख्ख्या भावानं केली नसती इतकी सेवा मी केली, आणि इतका राग करून केली की रात्री माझे जबडे दुखत.

कारण माझं आता पक्कं ठरलं होतं. त्याला बरं करायचं. पुरता बरा करायचा. आणि मग सांगायचं. आजारी माणसाला काही लागत नाही, तो आधीच मेलेला असतो. मला तो धडधाकट हवा होता, भाकरीची चव कळणारा, झोप लागणारा. म्हणजे मी जे बोलणार होते त्यानं ती झोप कायमची उडाली असती.

दीडेक महिन्यानंतर मी त्याच्या गल्लीत वळले तर दुकान उघडं, आणि आत तो एका गिऱ्हाईकावर ओरडत होता. बियाणं उगवलं नाही म्हणे गिऱ्हाईक, आणि हा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मी सायकलवरून उतरून ती शिवी शेवटपर्यंत ऐकली. बरा झाला होता.

पुढच्या मंगळवारी तो गोळ्यांसाठी केंद्रात आला. दाढी केलेली, गुंड्या सरळ. मी पडदा ओढला.

"शेटजी, बसा. एक गोष्ट सांगायची राहिली," मी म्हटलं. "आधी सांगितली असती तर तुम्हाला झेपली नसती. आता झेपेल."

तो बसला.

"ताईला जे झालं होतं ते तुमच्या दुखण्यापेक्षा सोपं होतं. बाळंतपणानं होते ते. मी वॉर्डात कितीतरी पाहिल्या. तीन आठवड्यांत, चार आठवड्यांत बऱ्या होतात, लेकरं घेऊन घरी जातात. ताई पागल नव्हती, आजारी होती. बसमध्ये बसवून तिला वर्ध्याला नेली असती तर आज ती तुमच्या घरात असती. तुम्ही तिला दाव्यानं बांधलं. तुम्हाला कोणी बांधलं नाही. तुम्हाला गोळी दिली, भाकर दिली, प्रश्न विचारला. तुम्ही बरे झालात. ती पण झाली असती."

एका दमात बोलले. दहा वर्षं घोकलेलं होतं, एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. आणि तो बरोबर लागला. मी पाहिलं ना लागताना! त्याचं तोंड आधी लाल झालं, मग राखेसारखं झालं. गुडघ्यांवरचे हात उघडले आणि तसेच राहिले. मला वाटलं, हं, आता. आता ओढला तुला रेंगीतून खाली. माझ्या छातीत इतकं हलकं वाटलं की मला हसू येईल की काय असं झालं.

मग त्यानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

"आमच्या घरी ते तशी अठरा दिवस होती, लाहाने," तो म्हणाला. "मी जनावरावानी वागलो. मह्यं पाप हाय ते, मी भोगीन." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं. तो खरंच माहीत करून घ्यायला विचारत होता. "पन तुमच्या घरी त दोन मयने होती न ते. तू आमाले इचारतं, तसं तिले कोनी इचारलं होतं काय?"

विचारायची गरजच नव्हती.

ताईनं सांगितलं होतं. त्या दिवशी तिला बरं वाटत होतं, स्वतःहून अंघोळ केली होती. दुपारच्या उन्हात अंगणात बसून मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "लाहाने, मले न आता जगूशीच वाटत नाई वो." मी म्हटलं, "चूप बस ताई, असं बोलू नाई, बाबा ऐकंल." मी तिची वेणी घातली, फीत बांधली, आणि माझा अभ्यास राहिला होता म्हणून आत गेले. दिवस मावळायच्या आत तिला कालव्यातून काढलं, तेव्हा वेणी तशीच होती. हे मी बापाला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, त्या शिक्षणाच्या वर्षात आम्हाला एकमेकींजवळ मन मोकळं करायला बसवत तिथंही सांगितलं नाही.

भाटवा उत्तराची वाट पाहत स्टुलावर बसला होता.

"शेटजी, उठा," मी म्हटलं. "बाहेर लाइन हाय."